वाऱ्यात आमचा वाटा किती?

पंधरवड्यापूर्वी सांगलीत एका परिसंवादाला गेले होते. विषय होता देशाची अक्षय ऊर्जेकडची वाटचाल आणि आर्थिक ओढाताण. मंचावर चार वक्ते होते. दोघांनी गिगावॅटचे आकडे सांगून टाळ्या मिळवल्या. उरलेल्या दोघांनी कर्ज, अनुदानं आणि चीनमधून येणारी पॅनेल यांचा हिशेब मांडला आणि ही चैन आपल्याला झेपणारी नाही असं बजावलं. टाळ्या त्यांनाही मिळाल्या. शेवटी मागच्या रांगेतून जत तालुक्यातले एक आबा उठले. ‘आमच्या माळावर वीस वर्षं झाली पंखे फिरत्यात. त्यात आमचं काय हाय, तेवढं सांगा,’ एवढंच ते म्हणाले. वेळ संपल्याचं सांगून आभारप्रदर्शन सुरू झालं. दोन तासांत विचारला गेलेला तो सर्वांत नेमका प्रश्न होता, आणि त्यालाच उत्तर मिळालं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. पैशाची चणचण आहे म्हणून अक्षय ऊर्जेचा वेग कमी करावा, हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. चणचण आहे म्हणूनच तो वाढवायला हवा. पण हा वेग दिल्लीतल्या घोषणांवर किंवा तिजोरीवर जितका अवलंबून आहे, त्याहून जास्त तो वनकुसवडेच्या, ढालगावच्या, जतच्या पवनचक्क्यांच्या माळावर ठरणार आहे. ज्यांची जमीन, ज्यांचं ऊन आणि ज्यांचा वारा, त्यांना या व्यवहारात भाडेकरूपेक्षा वरचं स्थान मिळालं नाही, तर हे काम पैशाअभावी नव्हे, लोकांच्या नाराजीने अडेल. ‘देशाला परवडतं का?’ हा प्रश्न अर्धाच आहे. कोणाच्या खिशातून जातं आणि कोणाच्या खिशात पडतं, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. परिसंवादातल्या दोन्ही बाजूंनी नेमका तोच गाळला.

शंका घेणाऱ्यांच्या बाजूला बरंच काही आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०२५ साली देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म (सौर, पवन, जल, अणू) स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. २०३०चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं, म्हणून त्याचा गौरव झाला, आणि तो योग्यही होता. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत या स्रोतांचा वाटा अजून पावाच्या आसपास आहे. सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज आजही कोळशातून येते. सूर्य मावळतो तेव्हाच घराघरात दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. २०१५ साली आपण ठरवलं होतं की २०२२पर्यंत १७५ गिगावॅट अक्षय ऊर्जा उभारू. ते उद्दिष्ट चुकलं. राजस्थानात सौर प्रकल्प उभे राहिले, पण वीज वाहून नेणाऱ्या तारा वेळेत पोचल्या नाहीत, म्हणून तयार होऊ शकणारी वीज सोडून द्यावी लागली. कोळशावर चंद्रपूरपासून झारखंडपर्यंत लाखो कुटुंबं जगतात, आणि कोळशाच्या मालवाहतुकीतून मिळणाऱ्या उत्पन्नावर रेल्वे प्रवाशांचं तिकीट स्वस्त ठेवते. हे सगळं खरं आहे.

मग यातून ‘थांबा’ हा निष्कर्ष का निघत नाही?

आमच्या खानापूर-आटपाडीच्या भागात या प्रश्नाचं उत्तर समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी येण्याआधीचे उन्हाळे आठवा. टँकरचं पाणी दर खेपेला स्वस्त वाटायचं. विहीर खणायची किंवा तलावातून पाइपलाइन आणायची म्हटलं की एकदम मोठा आकडा समोर यायचा, सोसायटीचं कर्ज आठवायचं आणि माणूस म्हणायचा, यंदा नको, पुढच्या साली बघू. दहा वर्षं टँकर घेतलेल्या माणसाने शेवटी विहिरीपेक्षा जास्त पैसे दिलेले असायचे, आणि विहीर नव्हतीच. कोळसा हा देशाचा टँकर आहे. दर महिन्याला थोडे थोडे पैसे जातात म्हणून तो स्वस्त भासतो. सौर आणि पवन प्रकल्पात जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशीचा असतो, म्हणून ते महाग भासतात. खरी अडचण कर्जाच्या व्याजदराची आहे. आपल्याकडे भांडवल युरोपपेक्षा महाग मिळतं, आणि त्यात २०२२पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क बसलं. देशात कारखाने उभे राहावेत म्हणून ते लावलं, हे कारण मला पटतं. पण तेवढ्या काळापुरती पॅनेल महाग पडली, हेही खरं. तरीही दर बघा. २०१० साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं तेव्हाच्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला ११ रुपयांच्या जवळ होती. २०१७ साली राजस्थानात भाडला इथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली. असा कोणता कोळसा आहे जो सात वर्षांत एवढा स्वस्त झाला?

आणि एप्रिल २०२२ विसरू नये. औष्णिक केंद्रांतला कोळशाचा साठा घटला, कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी शेकडो प्रवासी गाड्या रद्द झाल्या, युक्रेन युद्धामुळे जगात कोळशाचे भाव चढलेले असताना आपल्याला आयात कोळसा मिसळायला सांगितलं गेलं. भरवशाचं इंधन म्हणतात ते हेच ना? आपल्या वीजबिलावर ‘इंधन समायोजन आकार’ नावाची एक ओळ असते. कोळसा महागला, वाहतूक महागली, की ती ओळ फुगते, आणि तिचा भार विट्याच्या यंत्रमागावर, तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर, मिरजेतल्या दोन खोल्यांच्या घरावर सारखाच पडतो. उन्हाला इंधन आकार लागत नाही. चणचण असलेल्या घराने आधी कोणता खर्च कमी करायचा असतो? जो दर महिन्याला वाढत जातो तो, की एकदाच करायचा असतो तो?

पैसे नसताना मोठं काम हाती घेणं हा वेडेपणा असेल, तर महाराष्ट्राने तो एकदा करून पाहिला आहे. कोयनेचं धरण १९५६ ते १९६४ या काळात उभं राहिलं. देशाला परकीय चलनाची तीव्र टंचाई जाणवत होती, धान्य आयात करावं लागत होतं, आणि तरी जागतिक बँकेचं कर्ज घेऊन पाटणच्या दऱ्यांत काम चालू होतं. तेव्हा कोणी ‘आधी पोट भरू, मग वीज बघू’ म्हणून थांबलं असतं, तर पश्चिम महाराष्ट्रातले कारखाने आणि मुंबई-पुण्याचे उद्योग कशावर चालले असते? आज १९६० मेगावॅट क्षमतेचा हा प्रकल्प मुख्यतः सकाळ-संध्याकाळच्या जास्त मागणीच्या वेळी चालवला जातो. मागणी वाढली की काही मिनिटांत पाणी सोडून वीज घेता येते. म्हणजे सूर्य मावळल्यावर काय, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात गेली साठ वर्षं आहे. दिवसाची जादा वीज वापरून पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी ते खाली सोडून वीज करायची, अशा उदंचन प्रकल्पांसाठी आता पाटण तालुक्यातल्या तारळीसारख्या जागांची नावं पुढे आली आहेत, ती सह्याद्रीच्या याच उंचीमुळे.

पण कोयनेचा दाखला मी एकाच बाजूने देऊ शकत नाही. धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात सुमारे शंभर गावं गेली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली. कोयनेची माणसं त्याच्या कितीतरी आधी उठली होती. काही सोलापूरकडे गेली, काही कोकणात, काही सांगली जिल्ह्यात, आणि काही धरणाच्या वरच रानात राहिली, जिथे पुढे अभयारण्य आलं आणि मग व्याघ्र प्रकल्प. ज्यांच्या शेतावर उभ्या पाण्यातून राज्याची वीज झाली, त्यांच्यातल्या काही वाड्यांवर वीज यायला पिढी गेली. २०१८ साली कोयनानगरला त्यांची नातवंडं ठिय्या देऊन बसली होती, आजोबांच्या जमिनीच्या हक्कासाठी. देशाला कोयना परवडली, यात शंका नाही. गोकुळ, हेळवाक, बामणोली या पट्ट्याला ती परवडली का? ‘देशहित’ या शब्दाने दोन्ही प्रश्न एकात मिसळता येत नाहीत. नव्या ऊर्जेचं कौतुक करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की कोयनेचा पहिला अर्धा भाग सांगताना दुसरा गिळू नका.

पवनचक्क्यांच्या बाबतीत आपण तो गिळलाच. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्या उभ्या राहू लागल्या. त्या काळी गुंतवणूकदारांना पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीचा मोठा भाग घसारा म्हणून करातून वजा करता येत असे, त्यामुळे ज्यांचा विजेशी काडीचा संबंध नव्हता त्यांनीही पवनचक्की घेतली. चक्की किती वीज करते यापेक्षा किती कर वाचवते याला महत्त्व आलं. खाली गावात काय आलं? काहींची जमीन किरकोळ भावात गेली, काहींना पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, रस्ते झाले आणि अवजड वाहनांनी ते उखडलेही, ग्रामपंचायतींना कर मिळावा म्हणून वर्षानुवर्षं झगडावं लागलं. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात सातारा-सांगलीच्या गावांत बोललं जाऊ लागलं की हे पंखे ढग पळवून लावतात. लहानपणी मी ते पाराजवळ बसून ऐकलं आहे. शास्त्राच्या कसोटीवर त्याला आधार नव्हता, आणि शहरातले लोक त्यावर हसले.

मला त्यावर हसू येत नाही, कारण असा संशय आपण आधी पाहिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. पुढे कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेच नांगर गावोगाव गेले. दोन्हीकडे समज चुकीची होती. मग एक संशय विरून गेला आणि दुसरा अजून धुमसतो, असं का? नांगर शेतकऱ्याच्या मालकीचा झाला. त्याच्या बांधावर आला, त्याच्या बैलांनी ओढला, जमीन खोल उलटली की फायदा त्याच्या पदरात पडला. पंखा त्याच्या डोक्यावर फिरला आणि वीज तारेतून निघून गेली. ज्या यंत्राचा आपल्याला काही लाभ नाही, त्याच्यावर पाऊस पळवल्याचा आळ यायला फार वेळ लागत नाही.

आता सौर ऊर्जेकडे येऊ, कारण इथे आपल्याला दुसरी संधी आहे. माझ्या वडिलांनी उभा जन्म शेतीपंपाची रात्रीची थ्री फेज वीज धरून काढला. एक आठवडा दिवसाची पाळी, एक आठवडा रात्रीची. रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, निघालेला माणूस घरी परत येईपर्यंत आई जागी असायची. उसातला साप, कऱ्हाड-शिराळ्याकडचा बिबट्या, ओल्या हाताने दाबलेला स्टार्टर. ही जोखीम कोणत्याही ताळेबंदात येत नाही. सौर कृषी वाहिनी योजनेने गावच्या फीडरलाच, म्हणजे शेतीला वीज देणाऱ्या वाहिनीलाच, सौर प्रकल्प जोडला आणि दिवसा वीज दिली, तर हे थांबतं, आणि तेही युनिटला तीन रुपयांच्या आसपासच्या दराने. शेतीपंप हा असा ग्राहक आहे ज्याला विजेची गरज ऊन असतानाच असते; साठवणुकीचा प्रश्नच फारसा येत नाही. महाराष्ट्राइतके शेतीपंप असलेल्या राज्यात याहून फायद्याचा सौदा कोणता असू शकतो?

इथे एक कठीण आक्षेप येतो, आणि तो माझ्याच जिल्ह्यातून येतो. राज्याने २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज दिली. त्याचा वर्षाचा भार १४,७६० कोटी रुपये सांगितला गेला. वीज फुकट, त्यात दिवसा, म्हणजे मोटर चालूच. वाळवा, पलूस, मिरज या भागांत अतिपाण्याने क्षारपड झालेली रानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातला धोका समजावून सांगावा लागत नाही. आणि जत-आटपाडीत बोअर आधीच खोल गेले आहेत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फुकट वीज हे नव्या ऊर्जेचं धोरण नाही, तो जुना खर्च नव्या नावाने चालू ठेवणं आहे. तेवढीच रक्कम काही वर्षं उभारणीत गेली असती तर पुढचा भार कायमचा उतरला असता. पण यावर उपाय सौर थांबवणं हा नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी शेतकऱ्यांनी २०१६च्या सुमारास सौर पंपांची सहकारी संस्था केली आणि उरलेली वीज ग्रीडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, विकायला सुरुवात केली. पाणी उपसण्याऐवजी वीज विकून पैसे मिळत असतील, तर शेतकरी मोटर बंद करायला स्वतःहून शिकतो. ऊन हेच पीक झालं की भूजल वाचवण्यासाठी भाषण द्यावं लागत नाही.

दुसरा आक्षेप शहरातला. छतावरच्या सौर संचाला केंद्राकडून ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ते ज्याला स्वतःचं छत आहे त्याला. पत्र्याच्या घरातला हमाल, भाड्याच्या खोलीतली शिलाई करणारी बाई यांचं काय? चांगलं बिल भरणारे ग्राहक ग्रीडवरून कमी झाले की उरलेल्यांवर तारांचा आणि खांबांचा खर्च वाढतो, आणि विट्याचे यंत्रमागधारक आधीच सांगतात की शेतीची सवलत आमच्या बिलात भरली जाते. म्हणूनच ‘प्रत्येकाच्या घरावर’ यापेक्षा ‘सर्वांच्या मिळून एका माळावर’ हा मार्ग मला जास्त न्याय्य वाटतो.

तो मार्ग या मातीला अपरिचित नाही. १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. सरकार येईल म्हणून वाट पाहिली नाही. नदीची वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं, भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते सोबत होते. त्या धरणाची भिंत मला तितकी मोठी वाटत नाही, जितका त्यामागचा नियम: पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबागणिक सारखं वाटायचं, आणि भूमिहीनालाही त्यात हक्क. पुढे नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत भरवलेल्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाची हीच भाषा राज्यभर गेली. पाण्याला जो नियम लावला, तो वाऱ्याला आणि उन्हाला का लावू नये? गायरान गावाचं असतं; त्यावरच्या उन्हावर एकट्या कंपनीचा हक्क कसा? आज सौर वाहिनी योजनेत जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि दर वर्षी तीन टक्के वाढ आहे, ग्रामपंचायतीला तीन वर्षं अनुदान आहे. ही पवनचक्क्यांच्या काळापेक्षा मोठी सुधारणा आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण भाडं म्हणजे भाडंच. भूमिहीन घराला त्यातून काय मिळतं, आणि तीन वर्षांनंतर गावाला काय?

सहकाराचं नाव काढलं की सांगली जिल्ह्यातला वाचक सावध होतो, हे मला माहीत आहे. बुडालेल्या बँका आणि मूठभर घराण्यांच्या हाती गेलेल्या संस्था आपण पाहिल्या आहेत. विजेतही मुळा-प्रवरा सहकारी संस्थेची थकबाकी वाढत गेली आणि २०११ साली तिच्या भागातलं वितरण महावितरणकडे गेलं. पण मुळा-प्रवरा वीज विकत घेऊन वाटत होती, आणि वसुली थकली की बुडत होती. मी म्हणते आहे ते वेगळं आहे: गावाने वितरण चालवू नये, प्रकल्पात भाग घ्यावा. डेन्मार्कने २००९पासून लागू झालेल्या कायद्याने नव्या पवन प्रकल्पांतले किमान २० टक्के भाग आसपासच्या रहिवाशांना देऊ करणं सक्तीचं केलं होतं. आपल्याकडे असा भाग ग्रामसभेच्या नावाने ठेवता येईल, म्हणजे तो एकेकट्याला विकून टाकता येणार नाही. प्रकल्पाची वीज एका मीटरमधून मोजली जाते आणि ठरल्या दराने एकाच खरेदीदाराला जाते. कारखान्याच्या काट्यावरच्या उसापेक्षा तिचा हिशेब तपासणं सोपं आहे.

हे सगळं आत्ताच बोलायला हवं, याला एक साधं कारण आहे. पवनचक्कीचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पहिल्या पिढीतल्या चक्क्या आता त्या वयाला आल्या आहेत. तेव्हाची एक चक्की २२५ किंवा ३५० किलोवॅटची होती. आज एकच चक्की दोन-तीन मेगावॅटची येते. वाऱ्यासाठी सर्वांत चांगलं पठार जुन्या यंत्रांनी अडवून ठेवणं देशाला परवडणारं नाही, म्हणून ती काढून नवी बसवावीत हे केंद्राचंही धोरण आहे, आणि ते बरोबर आहे. म्हणजे पठारावर पुन्हा क्रेन येणार, पुन्हा रस्ते रुंद होणार, पुन्हा कोणीतरी कागद घेऊन सरपंचाच्या ओट्यावर बसणार. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो कागद आला तेव्हा वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. आज पाटण, जत, कवठेमहांकाळच्या गावांतली मुलं इंजिनिअर आहेत, वकील आहेत, काही जण वीज कंपन्यांतच नोकरीला आहेत. त्या आबांचा प्रश्न परिसंवादात नाही, त्या ओट्यावर विचारायचा आहे, सही करण्याआधी. नव्या करारातला गावाचा भाग किती टक्के, तो कोणाच्या नावावर, आणि यंत्र थकल्यावर ते उतरवून पठार मोकळं करून देण्याचा खर्च कोणाचा, ही तीन कलमं ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवायला या महिन्यातल्या सभेपासून सुरुवात करता येईल.